शक्य आणि पटण्याजोगं (ट्रान्सफरच्या अफवा)

फुटबॉलमध्ये अमका खेळाडू तमक्या क्लबात चाललाय अशी बातमी आली की ती दोन अंगांनी तपासावी लागते, एक म्हणजे हे शक्य आहे का आणि दुसरं म्हणजे हे पटण्याजोगं आहे का. शक्य म्हणजे नियम, करार, पैसा यातलं काहीच आडवं येत नाहीये. पटण्याजोगं म्हणजे विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि स्वतः खेळाडू या तिघांकडेही हे आत्ता, याच विंडोत (म्हणजे खेळाडूंच्या ट्रान्सफरसाठी, क्लब बदलण्यासाठी ठरवून दिलेल्या मुदतीत) करायला कारण आहे. बहुतेक अफवा पहिल्यात बसतात आणि दुसऱ्यात नाही, आणि सगळा घोळ "शकतो" या एका शब्दात असतो. "जाऊ शकतो" हे जवळपास कुठल्याही खेळाडूबद्दल लिहिता येतं आणि ते खोटंही ठरत नाही, पण वाचणारा मनातल्या मनात ते "जाणार" असंच वाचतो.

शक्यतेची बाजू तशी कोरडी आहे, कागद बघितले की कळतं. फिफाच्या नियमाने करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो, आणि १९९५ च्या बॉसमन निकालामुळे (बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने दिलेल्या) करार संपल्यावर फुकटात जाऊ शकतो. म्हणजे करार उन्हाळ्यात संपत असेल तर जानेवारीत त्याचं नाव दहा क्लबांशी जोडता येतं आणि दहाही बातम्या शक्य असतात, पण खेळाडू एकाच ठिकाणी जाणार हे उघड आहे. स्पेनमध्ये जवळपास प्रत्येक करारात रिलीज क्लॉज असतो, म्हणजे ठरलेली रक्कम भरली की खेळाडू मोकळा, त्यामुळे तिथला जवळपास कुठलाही खेळाडू कागदावर तरी विकत घेता येतो. बार्सिलोनाच्या नेमारचा क्लॉज २२ कोटी २० लाख युरोंचा होता, एवढा मोठा आकडा टाकायचा तोच मुळी कुणी भरू नये म्हणून. पण ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसजी या पॅरिसच्या क्लबाने तो भरला, ला लीगाने (स्पेनच्या मुख्य लीगने) आधी पैसे घ्यायलाच नकार दिला तरी ट्रान्सफर झालीच. तिथे नियम बदलला नव्हता, एवढे पैसे खरंच देणारा मालक आणि जायला तयार असलेला खेळाडू एकाच वेळी जुळून आले होते.

क्लॉज आहे एवढ्यावर मात्र विसंबू नये. २०१३ मध्ये आर्सेनलने लुइस सुआरेझसाठी ४ कोटी १ पाउंडांची बोली लावली, हो, वरचा तो एक पाउंड मुद्दाम, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ४ कोटींच्या वर बोली गेली की लिव्हरपूलला त्याला सोडावंच लागणार होतं. लिव्हरपूलने सोडलं नाही, आणि पुढच्या वर्षी सुआरेझ बार्सिलोनाला गेला.

पटण्याजोगं काय हे ठरवणं जास्त अवघड, कारण तिथे माणसं येतात. जानेवारी २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडे नव्या मालकांचा पैसा होता, एसी मिलान विकायला तयार होतं, आणि तरी काका गेला नाही कारण त्याला जायचंच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात तो रियल माद्रिदला गेला. हॅरी केनचं उलटं. २०२१ मध्ये त्याला सिटीत जायचं होतं, सिटीलाही तो हवा होता, पण त्याच्या कराराची तीन वर्षं बाकी होती आणि टॉटनहॅमला विकायची काहीच घाई नव्हती, म्हणून ते झालं नाही. २०२३ मध्ये एकच वर्ष उरलं होतं आणि तो जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला. म्हणून मला वाटतं की अफवा वाचताना सगळ्यात आधी करार कधी संपतोय ते बघावं, क्लबाचं नाव नंतर. आणि ही बातमी बाहेर आल्याने फायदा कुणाचा होतोय तेही बघावं, कारण पगारवाढीची बोलणी चालू असताना एजंटला दुसऱ्या मोठ्या क्लबाचं नाव हवंच असतं, आणि विकणाऱ्या क्लबाला दोन गिऱ्हाईकं दाखवली की किंमत वाढवता येते.

पटण्याजोगं ते सगळं शक्य असतंच असं पण नाही, आणि ही गोष्ट लोक विसरतात. २०२१ मध्ये मेस्सी बार्सिलोनात राहणार यापेक्षा पटण्याजोगी बातमी दुसरी कुठली नव्हती, त्याला राहायचं होतं, क्लबाला तो हवा होता, तो निम्म्या पगारावर यायला तयार होता. पण त्याचा करार ३० जूनला संपला होता आणि ला लीगाच्या खर्चाच्या मर्यादेत त्याची नोंदणी बसेना, ऑगस्टमध्ये तो पीएसजीत होता. मला तरी ट्रान्सफरच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं, कारण इथे मन कुणाचंच वळवायचं बाकी नव्हतं आणि तरी दार बंद होतं.

विंडोच्या शेवटच्या दिवशी दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने पळतात, घाईमुळे एरवी न पटणारे सौदे पटायला लागतात आणि वेळ संपत आल्यामुळे पटलेले सौदे अशक्य होत जातात. ३१ ऑगस्ट २०१५ ला मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर दाविद दे हेआ रियल माद्रिदला आणि माद्रिदचा गोलकीपर केलोर नावास युनायटेडला जाणार हे ठरलेलं होतं, पण स्पेनची मुदत मध्यरात्री संपली तेव्हा कागदपत्रं वेळेत पोचली नव्हती, उशीर कुणामुळे झाला यावर दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. दे हेआने त्याच सप्टेंबरमध्ये युनायटेडशी नवा करार केला, आणि जाता जाता राहिलेल्या नावासने माद्रिदसाठी २०१६, २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकल्या.