हरळी की लव्हाळा? आधी ओळखा, मग उपटा

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या बागा आणि नेरुळ-खारघरची अंगणं आठवड्याभरात तणांनी भरतात. ‘गवत’ म्हणून जे सरसकट उपटलं जातं, त्यात बहुतेक वेळा दोन वेगळी तणं असतात: हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, आणि लव्हाळा, ज्याच्या गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतात. दोन्हींवर एकच इलाज चालवला की एक तरी उरतंच.

ओळख बोटांनी पटते. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवा, तीन कडा लागतात. तो आतून भरीव असतो, त्याला पेरं नसतात आणि गडद, चकचकीत पानं बुडातून तीन दिशांना निघतात. हरळीची काडी गोलसर आणि पेरांची. पानं दोन बाजूंना येतात, आणि पान काडीला मिळतं तिथं बारीक पांढरी लव दिसते. तरीही खात्री नसेल तर खुरप्याने खणून बघा. पांढरट, चिवट, पेरांची दोरी निघाली तर हरळी. काळपट गाठ निघाली आणि चुरडल्यावर उटण्यासारखा वास आला तर लव्हाळा.

दोन्ही इतकी झपाट्याने वाढतात, कारण त्यांना कडक ऊन आणि आपल्याकडचा उकाडा मानवतो, आणि बी रुजायची वाट बघावी लागत नाही. अन्नाचा साठा जमिनीत तयारच असतो. हरळीचा साठा आडव्या पसरणाऱ्या काड्यांत, जिथं पेरापेराला मूळ आणि कोंब फुटू शकतो. लव्हाळ्याचा गाठींत. या गाठी बारीक तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बहुतेक वरच्या 15 सेंटीमीटर मातीत सापडतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ वाढते आणि मागच्या निद्रिस्त राहतात. आपण झाड खेचतो तेव्हा तार तुटते, पाला हातात येतो आणि मागच्या गाठी फुटायला मोकळ्या होतात. ‘एक उपटलं, चार आले’ ही माळीकाकांची तक्रार अगदी खरी आहे.

हरळीला कुदळीचे घाव घालू नका, प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. माती ओली असताना दातेरी फावड्याने सैल करा आणि दोरी टोकापर्यंत सावकाश ओढून काढा. हरळीला सावली सोसत नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन थर आणि वर 8-10 सेंटीमीटर सुका पाला टाकला की ती खंगत जाते. कडेने आत शिरते, म्हणून वाफ्याची कड दर पंधरवड्याला तपासा.

लव्हाळ्यावर आच्छादनाचा भरवसा धरू नका. त्याचा टोकदार कोंब प्लास्टिकसुद्धा भोसकतो. इथं चिकाटीच लागते. कोंब वर आल्यावर साधारण महिन्याभरात नव्या गाठी धरू लागतात, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी, एकही खाडा न करता, गाठीसकट खणून काढा. पावसाळाभर हे केलं तर जुन्या गाठींचा साठा संपत जातो. मध्येच महिनाभर सोडलं तर सगळी मेहनत वाया. कुंडीचं काम सोपं: एप्रिल-मेमध्ये माती चाळा, गाठी वेचा, उरलेली माती गच्चीवर 5 सेंटीमीटर थरात दोन आठवडे वाळवा. गाठी पूर्ण वाळल्या की मरतात. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये मात्र नकोत.

औषधांचंही तेच. फक्त गवतवर्गीय तणं मारणाऱ्या औषधाने लव्हाळा मरत नाही, कारण तो गवताच्या कुळातला नाही. त्याच्यासाठी उसात हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, पण एकरी 36 ग्रॅम. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला हे प्रमाण दशांश ग्रॅमपेक्षाही कमी पडतं, घरच्या काट्यावर ते मोजताच येत नाही. सगळीच हिरवळ मारणाऱ्या ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर 2022 पासून केंद्राने फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता ठेवला आहे.

लव्हाळा बागेत येतो तो बहुधा विकतच्या लाल मातीतून नाहीतर नर्सरीच्या पिशवीतून. पोतं वाफ्यात ओतण्याआधी दोन-तीन घमेली माती चाळून बघा. एक जरी काळी गाठ सापडली तरी ते पोतं परत करा.