लिंबात वीज नसते

लिंबात तांब्याची एक पट्टी आणि जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा खुपसायचा, अशी तीन-चार लिंबं तारांनी जोडायची आणि छोटा एलईडी पेटवायचा. हा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला किंवा निदान पाहिलेला असतो. त्याचे व्हिडिओ सतत फिरत असतात आणि त्यांवर लिहिलेलं असतं, ‘लिंबापासून वीज’. प्रयोग उत्तम आहे, पण शीर्षक चुकीचं आहे. खिळा काढा आणि त्याच्या जागी तांब्याचीच दुसरी पट्टी खुपसा. लिंबू तेच, रस तोच, पण व्होल्टमीटरचा काटा जवळजवळ जागचा हलत नाही.

मग वीज येते कुठून? त्याआधी आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अगदी विज्ञान शाखेतून शिकलेल्यांच्याही डोक्यात घर करून असतो. ‘रासायनिक बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते.’ खरं तर याच्या नेमकं उलट घडतं. बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते आणि नवा बंध जुळताना ती मिळते. हायड्रोजनचे दोन मोल आणि ऑक्सिजनचा एक (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरावीक माप), असा हिशेब मांडला तर जुने बंध तोडायला सुमारे १३७० किलोज्यूल लागतात आणि पाण्याच्या वाफेतले नवे बंध जुळताना सुमारे १८५० मिळतात. वरचे ४८० म्हणजे हायड्रोजनच्या ज्योतीची उष्णता. कमकुवत बंध गेले, पक्के आले, फरक हाती आला. म्हणूनच ‘पाण्यावर चालणारी गाडी’ दाखवून कोणी पैसे मागू लागला तर देऊ नका. पाणी ही हायड्रोजन जळून उरलेली राख आहे. तिच्यातून हायड्रोजन परत काढायला निदान तितकी ऊर्जा आधी ओतावी लागते.

आता जस्ताकडे येऊ. परीक्षानळीत मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळं द्रावण घ्या आणि त्यात जस्ताची पूड टाका. नळी बोटांना गरम लागते, निळा रंग फिकट होत जातो आणि तळाशी तांबूस-तपकिरी गाळ बसतो. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू, होतो व विरघळतो. द्रावणातला तांब्याचा आयन ते दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतो. ६५.४ ग्रॅम, म्हणजे एक मोल जस्तामागे सुमारे २१९ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि सगळे उष्णता होऊन जातात.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये जो विद्युतघट केला, त्यात हीच अभिक्रिया होते, फक्त जस्त आणि तांब्याचे आयन एकमेकांना भेटत नाहीत. मधे सच्छिद्र पडदा असतो. आयन त्यातून सरकतात, पण इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. त्या वाटेवर दिवा ठेवला की तो लागतो. २१९ पैकी जास्तीत जास्त २१२ किलोज्यूल वीज म्हणून मिळू शकतात. मोलभर जस्तातून दोन मोल इलेक्ट्रॉन निघतात आणि एका मोलाचा विद्युतप्रभार ९६,४८५ कूलोम असतो. २,१२,००० ला त्याच्या दुपटीने भागा, १.१ येतात. डॅनियल घटाचे १.१ व्होल्ट ते हेच.

पण जस्तच का? पाठ्यपुस्तकातलं उत्तर असतं, ‘जस्त तांब्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं.’ मला हे उत्तर कधीच पुरलं नाही. सुट्या अणूंचे आकडे पाहा. एक मोल जस्ताच्या अणूंचे दोन-दोन इलेक्ट्रॉन काढायला सुमारे २६४० किलोज्यूल लागतात, तांब्याला २७००. पहिला इलेक्ट्रॉन तर जस्तच जास्त घट्ट धरून ठेवतं! पुढे पाण्याचे रेणू आयनांना वेढतात तेव्हा यातला बराचसा भाग परत मिळतो, तांब्याला थोडा जास्त. दोन्ही हिशेब एकत्र केले तर जस्त आणि तांब्यात जेमतेम दहा-एक किलोज्यूलचा फरक उरतो.

मग बाकीचे दोनशे कुठले? ते धातूच्या घट्टपणातले. घन जस्तातले अणू सुटे करायला मोलमागे फक्त १३० किलोज्यूल लागतात, तांब्यातले सुटे करायला ३३७. फरक २०७! जस्ताच्या अणूतली डी-कक्षा (इलेक्ट्रॉनांच्या कप्प्यांपैकी एक) पूर्ण भरलेली आणि ऊर्जेने खोल असते. तिचे इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंना बांधायला जवळपास येतच नाहीत, त्यामुळे जस्ताचे अणू एकमेकांना सैल धरून असतात. याचा पुरावा भट्टीत दिसतो. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि जस्त त्याआधीच, ९०७ अंशांना उकळून वाफ होतं. म्हणजे डॅनियल घटातही नियम हायड्रोजनच्या ज्योतीचाच आहे. जस्ताचे सैल बंध सुटतात, तांब्याचे घट्ट बंध जुळतात आणि मधला फरक तारेतून वाहतो.

लिंबात तांब्याचे आयन नसतात. तिथे इलेक्ट्रॉन घेतात ते मुख्यतः आम्लातले हायड्रोजन आयन. तांब्याच्या पट्टीवर त्यांचा वायू होतो. पट्टी स्वतः झिजत नाही, ती फक्त त्यांच्या भेटीची जागा. लिंबाचा वाटा तेवढाच, आणि तो व्हिनेगरलाही जमतो. खर्ची पडतं ते जस्त. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर घेतला तर त्यापायी सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास जस्त जातं. एवढंसं कमी झालेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून श्रेय लिंबाला मिळतं.

घट दोन-तीन दिवस चालू ठेवा आणि मग खिळा उपसून भिंगाखाली धरा. रसात बुडालेल्या भागाची चकाकी जाऊन तो करडा, खरबरीत झालेला दिसेल. ते लिंबू मात्र टाकून द्या. गेलेलं जस्त त्याच्या रसात उतरलेलं असतं.