वेलदूरची पहाट आणि कंपनीची जबाबदारी

एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प म्हटलं की आपल्याला आठवतो तो विजेचा दर. वीज मंडळाचं कंबरडं मोडणारा करार, ‘अरबी समुद्रात बुडवू’ ही गाजलेली घोषणा आणि नंतरचं घूमजाव. मराठीत या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं, पण त्यातली बरीचशी जागा पैशाने आणि राजकारणाने व्यापली. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दुसरा धागा. ज्या पोलिसांचा खर्च कंपनी उचलते त्यांनी गावकऱ्यांना झोडपलं, तर कंपनीला हात झटकता येतात का? हा प्रश्न गुहागर तालुक्याने जगापुढे आणला, तेव्हा त्याचं उत्तर कुठल्याही आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात धडपणे लिहिलेलं नव्हतं.

नाव दाभोळचं असलं तरी प्रकल्प वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर उभा राहिला. जून १९९२ मध्ये समझोता झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये त्याच सरकारने नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. प्रकल्पासाठी काढलेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांचा प्रत्येकी १०. सत्तेतून गेलेले आणि सत्तेत आलेले, दोघांनीही प्रकल्पाला मान्यता दिल्यावर गावकऱ्यांपुढे रस्त्यावर उतरण्याखेरीज फारसं काही उरलं नाही.

त्यांची काळजी साधी होती. जमीन गेली, आता पाणी जाईल का? प्रकल्पातून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने खाडीतली मासळी जाईल का? आंब्या-काजूचं काय होईल? १९९६ च्या अखेरीपासून मोर्चे, धरणी, रास्ता रोको सुरू झाले. उत्तर मिळालं ते जमावबंदीचं, प्रतिबंधात्मक अटकेचं, तडीपारीच्या नोटिसांचं. बाहेरून पाठिंब्याला आलेल्या मेधा पाटकर आणि माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांनाही अटक झाली.

३ जून १९९७ ची पहाट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. वेलदूर ही कोळ्यांची वस्ती. पुरुष मंडळी बरीचशी मासेमारीला गेलेली. पोलीस दारं तोडून घरांत शिरले, झोपेतल्या बायकापोरांना लाठ्यांनी मारत बाहेर ओढलं. एक गरोदर बाई न्हाणीघरात होती. तिच्या दीड वर्षाच्या मुलीलाही लाथ बसल्याचं तिने नंतर सांगितलं. अटक झालेल्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने या दडपशाहीवर अहवाल काढला.

जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या दुसऱ्या मानवी हक्क संघटनेने आपल्या अहवालात पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी महाराष्ट्र सरकारवर ठपका ठेवलाच, पण कंपनीलाही या उल्लंघनात साथीदार ठरवलं. मुद्दे नेमके होते. प्रकल्पावर तैनात राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. कंपनीच्या कंत्राटदारांकडून विरोधकांना होणारी दमदाटी कंपनीने थांबवली नाही. आणि सगळं कळत असूनही ती गप्प राहिली. कायदा-सुव्यवस्था हे सरकारचं काम, बंदोबस्ताचे पैसे भरणं कायद्याला धरूनच, हा कंपनीचा बचाव. पैसे भरणं कायदेशीर होतं हे खरंच. पण त्या पैशातून काय घडतंय हे विचारायला कायद्याने तिला कधीच अडवलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच येऊन थांबतो.

त्या दशकात असे प्रश्न इतरत्रही पेटले होते. नायजेरियात तेल कंपनीविरुद्ध ओगोनी लोकांचं नेतृत्व करणाऱ्या केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये लष्करी राजवटीने फाशी दिली. बर्मातल्या गॅसवाहिनीवरील वेठबिगारीसाठी युनोकॅल या अमेरिकी तेल कंपनीवर अमेरिकी न्यायालयात खटले भरले गेले. डिसेंबर २००० मध्ये अमेरिका आणि ब्रिटन सरकारांनी तेल व खाण कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांसोबत सुरक्षा दलांविषयी तत्त्वं जाहीर केली: संरक्षणाला येणाऱ्या सरकारी दलांचं वर्तन कंपनीने तपासावं, अत्याचाराची नोंद करावी, चौकशीची मागणी लावून धरावी. तत्त्वं ऐच्छिक होती.

संयुक्त राष्ट्रांत कंपन्यांच्या मानवी हक्कविषयक जबाबदारीचा २००३ चा बंधनकारक वळणाचा मसुदा देशांनी आणि उद्योगांनी बाजूला सारला. मग याच विषयासाठी विशेष प्रतिनिधी म्हणून जॉन रगी यांची नेमणूक झाली आणि १६ जून २०११ रोजी मानवी हक्क परिषदेने त्यांची ३१ मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. संरक्षण करणं सरकारचं कर्तव्य, हक्कांचा आदर राखणं कंपनीची जबाबदारी, आणि बाधितांना दाद मागण्याची सोय. सरकार कमी पडलं म्हणून कंपनीची जबाबदारी कमी होत नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. वेलदूरच्या बायका हेच म्हणत होत्या.

ही तत्त्वं स्वीकारली गेली त्याच्या दोनच महिने आधी, १८ एप्रिल २०११ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातच जैतापूर अणुप्रकल्पाच्या आंदोलनात साखरी नाटे इथल्या एका तरुणाचा पोलीस गोळीबारात मृत्यू झाला होता. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, रिफायनरीच्या माती परीक्षणाच्या वेळी, पुन्हा अश्रुधूर आणि बायकांची धरपकड.

दरम्यान एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. बंद पडलेला प्रकल्प २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे आला. भारत सरकारने २०११ मध्ये आणि सुधारून २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना त्यानुसार अहवाल देणं सक्तीचं केलं. त्यात किमान वेतन, लैंगिक छळाच्या तक्रारी, बालमजुरी यांची माहिती भरावी लागते. प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचा खर्च कोणी भरला आणि त्या बंदोबस्ताने काय केलं, यासाठी त्यात रकाना नाही.