चंद्रकळा, शालू की आलवण?

मोबाइलवर हल्ली एका धर्तीच्या जाहिराती सारख्या समोर येतात. कुणाच्या तरी पणजीचा कृष्णधवल फोटो, त्यावरून एक उभी रेघ सरकते आणि रेघेच्या मागे पणजी रंगीत होत जाते. खाली आश्वासन असतं, जुन्या फोटोचे खरे रंग परत मिळवा. कुटुंबाच्या ग्रुपवर मग आठवडाभर असे फोटो येत राहतात आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं. लोकांना मनापासून वाटतं, की फोटोत रंग कुठेतरी दडून बसलेले असतात आणि संगणक ते शोधून बाहेर काढतो.

फोटोत रंग नसतात. ते ज्या क्षणी शटर उघडलं त्याच क्षणी गेले. हे नीट समजायला थोडं गणित लागेल, पण ते बेरीज-गुणाकारापलीकडचं नाही.

डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात. लाल, हिरवा, निळा. प्रत्येक 0 ते 255 च्या दरम्यान. त्यांचा एक करडा आकडा करायचं नेहमीचं सूत्र असं: लाल गुणिले 0.299, अधिक हिरवा गुणिले 0.587, अधिक निळा गुणिले 0.114. हिरव्याचं वजन जास्त, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. आता लाल 200 आणि बाकी दोन शून्य असा एक गडद लाल घ्या. करडा आकडा येतो 60. हिरवा 102 आणि बाकी शून्य घ्या. पुन्हा 60. लाल शालू आणि हिरवी साडी कागदावर अगदी एकसारख्या. 60 वरून मागे जाऊन मूळ तीन आकडे काढा म्हटलं तर हजारो उत्तरं येतील आणि सगळी बरोबर असतील.

हे झालं आजच्या कॅमेऱ्याचं. पणजीच्या काळच्या फोटोत घोळ याहून मोठा आहे, आणि मला खरं त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

जुन्या काचेच्या प्लेटवर जिलेटिनचा थर असे आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकावर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो, चांदीचा एक आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, स्वतःकडे ओढतो, आणि तिथे चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एका जागी जमले की पुरे. पुढे डेव्हलपर, म्हणजे प्लेट धुवायचं रसायन, त्या इवल्याशा ठिपक्यापासून सुरुवात करून सगळ्या स्फटिकाची चांदी करून टाकतो. चार अणूंच्या जिवावर अब्जावधी अणूंचा निकाल लागतो. निगेटिव्हवरचा काळेपणा म्हणजे ही चांदी. कागदावर छापताना हे उलट होतं, निगेटिव्हवर जिथे चांदी नाही तिथे फोटो काळा.

पण इलेक्ट्रॉन मोकळा करायला किमान ऊर्जा लागते. सिल्व्हर ब्रोमाइडसाठी ती सुमारे 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या फोटॉनजवळ 2.75 असते, म्हणजे काम होतं. 650 नॅनोमीटरच्या लाल फोटॉनजवळ जेमतेम 1.9. लाल उजेड दहापट वाढवला तरी फोटॉन संख्येने वाढतात, एकेकाची ताकद तेवढीच राहते. म्हणून तर जुन्या डार्करूममध्ये लाल दिवा बिनधास्त लावता यायचा. प्लेटच्या दृष्टीने तिथे अंधारच असायचा.

याचा परिणाम फोटोत शोधून पाहा. कपाळावरचं लालभडक कुंकू काळं ठिक्कर. ओठ गडद. निळं आकाश मात्र ढगांइतकंच पांढरं, जणू वर काही नव्हतंच. गव्हाळ किंवा सावळी त्वचा निळा प्रकाश कमी आणि लाल जास्त परत पाठवते. त्यामुळे अशा प्लेटवर माणूस होता त्याहून बराच सावळा उमटायचा. 'पणजोबा काळेकुट्ट होते' हे घराघरांतलं ऐतिहासिक सत्य पुष्कळदा सिल्व्हर ब्रोमाइडच्या नावावर मांडायला हवं. लग्नासाठी स्थळाकडे पाठवायच्या फोटोत स्टुडिओवाले उलटं करायचे, निगेटिव्हवर पेन्सिल चालवून गोरेपण द्यायचे, ते वेगळंच.

लोकमान्यांची पुणेरी पगडी लाल होती हे आपल्याला माहीत आहे, कारण पाहिलेल्यांनी सांगितलं आणि चित्रकारांनी तशी रंगवली. फोटोत ती नुसतीच गडद दिसते.

आणि साड्या? एका फोटोत गडद लुगडं नेसलेली बाई बसली आहे. ती हौसेने घेतलेली काळी चंद्रकळा असेल, लग्नातला लाल शालू असेल, किंवा केशवपन झालेल्या विधवेचं लाल आलवण असेल. तीन बायकांची तीन आयुष्यं, आणि प्लेटवर तिघींचा करडा रंग जवळपास एकच. आपण कपाळ पाहतो, मनगटं पाहतो, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर पाहतो, आणि काही न बोलता ओळखतो. यंत्राला मोकळं कपाळ म्हणजे फक्त त्वचेचे आणखी काही ठिपके.

इथे एक मजेशीर अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने जगातला पहिला रंगीत फोटो दाखवला. स्कॉटिश चौकड्यांच्या फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून छायाचित्रकार थॉमस सटनने काढले होते, आणि ते त्याच गाळण्या लावलेल्या तीन दिव्यांनी पडद्यावर एकावर एक पाडले. पण सटनच्या प्लेटला लाल रंग दिसतच नव्हता! मग लाल गाळणीमागची प्लेट कोरी का राहिली नाही? शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, कोडॅकमधल्या राल्फ इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर काढलं. लाल गाळणीतून अतिनील प्रकाशही निसटत होता आणि फितीचा लाल रंग अतिनील परावर्तित करत होता. म्हणजे पहिल्या रंगीत फोटोतलं लाल हे प्रत्यक्षात न दिसणारं अतिनील होतं. तेव्हा लाल कापड नेहमी काळंच येईल असंही छातीठोक सांगता येत नाही. ते कशाने रंगवलं होतं यावर ठरतं.

प्लेटचा हा आंधळेपणा पहिल्यांदा कमी झाला तो 1873 मध्ये, बर्लिनच्या हर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञामुळे, आणि तोही योगायोगाने. काचेच्या प्लेटची एक जुनी खोड होती. उजळ भागातून आलेला प्रकाश थरातून पार होऊन काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परत फिरायचा आणि त्या उजळ भागाभोवती धूसर वलय उमटवायचा. ते टाळायला काही उत्पादक थरात रंगद्रव्य घालायचे. अशा प्लेट तपासताना फोगेलला दिसलं, की त्या हिरव्यालाही प्रतिसाद देतात. रंगद्रव्य हिरवा फोटॉन शोषतं आणि इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या हवाली करतं. यातून पिवळं-हिरवं ओळखणारी ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आली. लालही ओळखणारी पँक्रोमॅटिक प्लेट बाजारात यायला 1906 उजाडलं. ती आली म्हणजे सगळ्यांनी लगेच घेतली असं नाही, कारण ती मिट्ट काळोखात धुवावी लागे.

त्या वलयाबद्दल जाता जाता. खिडकीच्या उजेडात शुभ्र कपड्यांत बसलेल्या एखाद्या महाराजांच्या जुन्या फोटोत डोक्यामागे उजळ धुकं दिसतं आणि भक्त त्याला तेजोवलय म्हणतात. आता यंत्र त्याला सोनेरी रंगही देतं. काचेच्या मागच्या बाजूला काळा लेप असता तर महाराजांचं तेज तिथेच शोषलं गेलं असतं.

आता यंत्राकडे. रंग भरणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम, शिकतं कसं? लाखो रंगीत फोटो घ्यायचे, वरच्यासारख्या सूत्राने करडे करायचे, आणि नेटवर्कला म्हणायचं, ओळख मूळ रंग. चुकेल तितका दंड. दंड सहसा सांगितलेल्या आणि मूळ आकड्यांमधल्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेइतका. समजा, करड्या 60 ची साडी निम्म्या वेळा लाल (200, 0, 0) असते आणि निम्म्या वेळा हिरवी (0, 102, 0). नेटवर्कने कायम लाल सांगितलं, तर निम्म्या वेळा दंड शून्य आणि निम्म्या वेळा 50,404 (200 चा वर्ग अधिक 102 चा वर्ग). सरासरी 25,202. पण त्याने दोन्हींच्या मधला रंग सांगितला, म्हणजे (100, 51, 0), तर दर वेळी दंड फक्त 12,601. निम्मा! तो मधला रंग कोणता? तपकिरी. आणि त्याचाही करडा आकडा 60 च. असा रंग कधीच बरोबर नसतो, पण सर्वांत कमी मार त्यालाच बसतो. स्वस्त अ‍ॅपमध्ये सगळे नातेवाईक चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसतात ते यामुळे.

2016 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या रिचर्ड झांग, फिलिप इसोला आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी यावर तोड काढली. उजळपणा वेगळा ठेवून रंगछटांचे 313 कप्पे केले आणि नेटवर्कला आकडा न विचारता कप्पा निवडायला लावलं, शिवाय दुर्मीळ भडक रंगांचं वजन वाढवलं. चित्रं एकदम जिवंत झाली. खरा आणि यंत्राने रंगवलेला फोटो शेजारी ठेवल्यावर लोकांनी 32 टक्के वेळा यंत्राच्या फोटोला खरा मानलं. ओळखणं पूर्ण अशक्य झालं असतं तर हा आकडा 50 असता. पण परीक्षा होती ती पटण्याची. रंग बरोबर असायची अट तिथे नव्हती, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. तो जाहिरातवाल्यांनी केला.

शिवाय हे नेटवर्क आजच्या कॅमेऱ्याच्या करड्यावर शिकलं आहे. त्याच्या हिशेबात काळं म्हणजे खरोखर गडद. 1915 च्या प्लेटवरचं काळं म्हणजे लाल असू शकतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. 2021 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने जुन्या फिल्मची ही रंगांधळी दृष्टी गणितात घालून अब्राहम लिंकनसारख्यांचे चेहरे पुन्हा घडवले, पण तो झाला प्रयोग. मोबाइलवरचं फुकट अ‍ॅप एवढी उठाठेव करत नाही. आणि त्याला शिकवलेल्या फोटोंत नऊवारीतल्या बायका किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

घरचे फोटो रंगवायचेच असतील, तर आधी प्लेटची जात ओळखा. कुंकू काळं आणि आकाश कोरं असेल, तर लाल न ओळखणारी प्लेट समजायला हरकत नाही. मग गडद कपड्यांवर यंत्राला मोकाट सोडू नका. स्कॅन करताना फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच स्कॅन करा. जुनाटपणाचे पिवळे डाग निळ्या वाहिनीत (म्हणजे ठिपक्यांच्या फक्त निळ्या आकड्यांनी बनलेल्या चित्रात) सर्वांत ठळक आणि लाल वाहिनीत सर्वांत फिके दिसतात, म्हणून डाग काढायला लाल वाहिनी वापरायची. फोटो रंगवणारा जुना स्टुडिओवाला निदान विचारायचा, वहिनी, लुगडं कुठल्या रंगाचं होतं? तेच आजही करता येतं. काही साधनांमध्ये आपण साडीवर रंगाचा एक फराटा ओढायचा, मग तो शेजारच्या सारख्या करड्या ठिपक्यांवर आपोआप पसरतो. ही युक्ती 2004 पासून माहीत आहे. फराटा कुठल्या रंगाचा ओढायचा हे ट्रंकेतल्या जुन्या पदराला, जरीच्या तुकड्याला किंवा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याला विचारा. मूळ स्कॅन वेगळा जपा, आणि रंगवलेल्या फाइलच्या नावातच 'रंगवलेला' असं लिहून ठेवा, साडीचा रंग कुणी सांगितला त्याच्या नावासकट.