साखर वाढली, दोष केळ्यांचा?

जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षं ऐकतो, ‘मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी साखर वाढत नाही, पेशंट केळी आणि गोडधोड खातो म्हणून वाढते.’ हे खरं नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियासारख्या मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांनी भूक तर वाढतेच, शिवाय शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे वजन न वाढताही साखर चढू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्येच या गटातल्या नव्या औषधांवर तसा इशारा छापायला लावला. याच गटातल्या ॲरिपिप्राझोलमध्ये धोका बराच कमी.

तेव्हा खाण्यावरून माणसाला घालूनपाडून बोलू नका. गोळ्या तर मनाने मुळीच बंद करू नका, आजार उलटतो. उपाशीपोटीची साखर सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग दरवर्षी तपासा. फार तहान लागते, सारखी लघवी होते असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.