पाकटाचा खोटा चेहरा

मागच्या रविवारी पहाटे मुंबईच्या ससून डॉकला मासळी आणायला गेलेलो, घ्यायची होती सुरमई पण नजर अडकली पाकटांच्या, म्हणजे त्या चपट्या स्टिंग-रे माशांच्या पाटीवर. शेपट्या आधीच छाटलेल्या, कारण शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा असतो आणि तो लागला की माणूस नुसता कळवळतो. मावशींनी एक पाकट उलटं केलं तर खाली चक्क हसरा चेहरा! पण ते डोळे नव्हेत, नाकपुड्या. खरे डोळे वर, पाठीच्या बाजूला, आणि त्यांच्या मागे दोन भोकं, म्हणजे वाळूत दबून बसलं तरी त्या भोकांतून पाणी ओढायचं आणि कल्ल्यांतून खाली सोडायचं, भारी आयडिया आहे.

तो खोटा चेहरा बघून मला आठवलं सिंहपुच्छ माकड. काळं कुळकुळीत, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. हे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नाही दिसायचं, ते फक्त पश्चिम घाटात, कर्नाटकापासून खाली केरळ-तामिळनाडूच्या सदाहरित जंगलात, आणि सगळी मिळून ४००० पण नसतील असा अंदाज आहे. तरी त्याला चेहरा आहे ना, खराखुरा! केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात होणाऱ्या धरणाविरुद्ध लोक उठले तेव्हा हेच माकड पुढे होतं, धरण बारगळलं आणि १९८४ मध्ये तिथे नॅशनल पार्क जाहीर झालं.

आता गंमत बघा, एक झाडाच्या शेंड्यावर, एक चिखलात, पण संसार दोघांचा सारखाच संथ. माकडीण पाच-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं व्हायला परत दोन-तीन वर्षं. पाकट तर मासा, म्हणजे हजारो अंडी घालत असेल असं वाटतं, पण नाही, अंडी आईच्या पोटातच फुटतात, मग गर्भाशयातून दुधासारखा रस पाझरतो त्यावर पिल्लं वाढतात आणि जन्मतात ती मोजकीच. बांगड्यासारखी ढिगाने अंडी नाहीत, त्यामुळे जाळ्यात गेलेली भरून निघायला वेळ लागतो.

जावा बेटाजवळच्या एका छोट्या पाकटाचं तर फारच वाईट झालं. त्याचा जगात एकच नमुना, तोही १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारातून उचललेला. परत कोणाला दिसलंच नाही. २०२३ मध्ये ते नामशेष जाहीर झालं, माणसामुळे संपल्याचं जाहीर झालेला पहिला समुद्री मासा. आणि ज्याने तो बाजारात विकला त्याला काय कल्पना असणार.

मी मावशींना विचारलं, यातली जात कुठली हो? पाटीत दोन वेगळी दिसत होती, एकाची पाठ खरखरीत, दुसऱ्याची गुळगुळीत.

"पाकट हाय," त्या म्हणाल्या. "घेतोस का कापून देऊ?"