सीझनमधला थकवा कळत का नाही?

मुंबईतला सहल-आयोजक मे महिन्याच्या अखेरीस ‘बॅटरी संपली’ असे म्हणतो, तेव्हा दोन दिवस झोपून काढले की ती पुन्हा भरेल, असे त्याने गृहीत धरलेले असते. ज्यांचे उत्पन्न दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी यांवर अवलंबून आहे, त्यांना हे गृहीतक महागात पडते. पूर्वी या धंद्याला पावसाळा सक्तीची विश्रांती देत असे. आजही पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी बंद असतात आणि नेरळ ते अमन लॉज ही माथेरानची गाडी थांबते. पण त्या रिकाम्या महिन्यांत आता काजव्यांच्या सहली, पावसाळी ट्रेक आणि पाठोपाठ गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या बसगाड्या येऊन बसल्या आहेत. एक सीझन संपण्याआधीच दुसऱ्याचे बुकिंग सुरू होते.

कामाने माणूस पार निकामी होण्याच्या या अवस्थेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली आपल्या शोधनिबंधात ‘बर्नआउट’ म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची व्याख्या करताना ती आजार नसून कामाशी निगडित स्थिती असल्याचे स्पष्ट केले आणि तीन लक्षणे दिली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तिरस्कार आणि घटलेली कार्यक्षमता. ग्राहकाचा फोन वाजताच ‘पुन्हा हेच’ असे मनात येऊ लागणे हे दुसऱ्या लक्षणात मोडते. कामावर आपला ताबा किती, कष्टाचा मोबदला किती, अशी या स्थितीची अनेक कारणे आहेत. मात्र सीझनमध्ये सर्वांत आधी तुटते ती झोप, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

आपल्या पेशी ऊर्जेसाठी अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, हे रसायन वापरतात. त्याच्या विघटनातून अ‍ॅडेनोसिन तयार होते आणि आपण जागे असताना ते मेंदूच्या काही भागांत पेशींच्या बाहेर साचत जाते. तेथील पेशींवर रसायनांचे निरोप टिपणाऱ्या ए-१ आणि ए-२ए या जागांना, म्हणजेच ग्राहींना (रिसेप्टर), ते चिकटले की जागे ठेवणाऱ्या चेतापेशी मंदावतात आणि झोपेचा दाब वाढतो. झोपेत ही पातळी पुन्हा उतरते. चहाकॉफीतल्या कॅफिनची रचना अ‍ॅडेनोसिनशी इतकी जुळते की ते याच ग्राहींवर जाऊन बसते, परंतु त्यांना कार्यान्वित करत नाही. परिणामी अ‍ॅडेनोसिन साचत राहते, फक्त त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कटिंगमधले निम्मे कॅफिन रात्री अकराला, बोरिवलीहून बस सोडून अंथरुणाला पाठ टेकताना, शरीरात असतेच. शिवाय रात्रभराच्या जागरणानंतर मेंदूत ए-१ ग्राहींची उपलब्धता वाढते, असे माणसांच्या मेंदूच्या पॉझिट्रॉन चित्रणात (पेट स्कॅन) आढळले आहे. म्हणजे दाब मोजणारी यंत्रणाच बदलते.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी काही निरोगी स्वयंसेवकांना सलग १४ रात्री चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले आणि पडद्यावर खूण दिसताच कळ दाबण्याची चाचणी वारंवार घेतली. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी रोज घसरत गेली आणि काही बाबतींत ती सलग दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. आपल्याला किती झोप येते आहे, हा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसा वाढला नाही. कामगिरी ढासळत होती आणि ‘सवय झाली’ असे वाटत होते. या चाचणीत अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब ही चूक धरतात. ताशी साठ किलोमीटर वेगाच्या गाडीत अर्धा सेकंद म्हणजे आठ मीटरहून अधिक अंतर, आणि कोकणात उतरणाऱ्या घाटातले वळण त्याहून लवकर येते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगात आठवडाभर रोज पाच किंवा सात तास झोप देऊन नंतर तीन रात्री आठ तास झोपू दिले, तरी प्रतिसादाचा वेग पूर्वपदावर आला नाही. दोन दिवस झोपून काढण्याचे गणित येथे फसते.

बाजार या थकव्याला ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ म्हणून गोळ्या विकतो, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्याचे सांगतो, पण अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, असा आजार मानत नाहीत. काही मंडळी साडेसातीकडे बोट दाखवतात. शनीला मे महिन्याच्या बुकिंगशी काही देणेघेणे नाही, आणि ज्योतिषाला दिलेल्या दक्षिणेत एका मदतनिसाच्या रात्रपाळीचे पैसे निघाले असते.

ज्या थकव्याची जाणीवच बोथट होते, त्यात ‘थकलो की थांबेन’ हा नियम चालत नाही. थांबणे तारखेने ठरवावे लागते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून तिथल्या मार्गदर्शकाला एक वार आपोआप मोकळा मिळतो. टूरच्या धंद्यात तो वार बुकिंग उघडण्यापूर्वीच तक्त्यावर खोडून ठेवावा लागेल. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत ग्राहकांचा फोन मालकाकडे नसावा. तो आळीपाळीने दुसऱ्या कुणाकडे द्यावा आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा बोलवावे. दुपारी वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, मात्र ती लांबवू नये, कारण गाढ झोपेतून उठवल्यावर डोके काही काळ जडच राहते. रात्रीच्या बसवर दोन चालक ठेवण्याचा खर्च प्रवाशांच्या दरातच धरावा.